आधी खोली, मग वजन

निंदणीच्या दिवसांत रावेर-यावलच्या शिवारात साठीतल्या बायकाही टाचा टेकवून बराच वेळ उकिडव्या बसलेल्या दिसतात. जळगाव-धुळ्याच्या जिममध्ये मात्र खांद्यावर बार घेतलेला तरुण स्क्वॉट करताना अर्ध्यावरूनच वर येतो. आणखी खाली गेला तर त्याच्या टाचा उचलतात, तोल पुढे जातो. मग 'माझे गुडघेच तसे आहेत' अशी तो समजूत करून घेतो.

बहुतेक वेळा दोष गुडघ्यांचा नसतो, घोट्यांचा असतो. खाली बसताना नडगी पुढे झुकावी लागते. खुर्ची, दुचाकी आणि कमोड यांमुळे ही हालचाल रोजच्या जगण्यातून गेली की घोटा आणि खुब्याचा सांधा आखडतो. घरीच तपासा. भिंतीकडे तोंड करून एक पाऊल असे ठेवा, की अंगठा भिंतीपासून दहा सेंटिमीटरवर राहील. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकला, तर घोटा मोकळा आहे. टेकत नसेल, तर सुधारणेला तिथूनच सुरुवात करा.

पहिले दोन-तीन आठवडे वजन नको. दाराची चौकट किंवा खांब धरून उकिडवे बसा. अर्धा मिनिट थांबा. असे रोज चार-पाच वेळा करा. टाचा टेकत नसतील तर त्याखाली दोन-तीन सेंटिमीटर जाडीची फळी ठेवा आणि सवय होईल तशी जाडी कमी करा. पावले खांद्याइतकी रुंद, बोटे किंचित बाहेर आणि गुडघे बोटांच्या दिशेने हवेत. गुडघा बोटांच्या पुढे गेला म्हणून निरोगी माणसाला इजा होत नाही. कंबर गोल होऊ लागली, की तिथेच थांबा. तुमची आजची खोली तेवढीच.

मग वजन घ्या. पाच लिटर पाण्याचा कॅन छातीशी धरला, की झाले पाच किलो. तीन सेकंदांत खाली, तळाशी क्षणभर थांबा, मग वर. आठ-आठचे तीन सेट, आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. बाराचे तीन सेट सहज जमू लागले की वजन थोडे वाढवा. जिममधल्या बारवरही एका वेळी अडीच किलोच वाढवावेत. वजन वाढले आणि खोली कमी झाली, तर ती प्रगती नव्हे.

खान्देशाला बैठका नव्या नाहीत. 2014, 2015 आणि 2016 अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी ठरलेले विजय चौधरी चाळीसगाव तालुक्यातले. आखाड्यातल्या शेकडो बैठकांनी दम वाढतो, पण तिथे खाली जाताना टाचा उचलल्या जातात आणि वजन फक्त शरीराचे असते. ताकद वाढवायची तर हळूहळू वाढणारे ओझे लागते. मेहरूण तलावाभोवती रोज चालणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. चालणे हृदयासाठी उत्तम आहे, पण मांड्यांची ताकद टिकवायला ते पुरत नाही.

ही ताकद उतारवयात कळते. हात छातीवर दुमडून तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येते, ही डॉक्टर वापरतात ती साधी चाचणी. साठ ते चौसष्ट वयात पुरुषांना 14 आणि स्त्रियांना 12 पेक्षा कमी वेळा जमले, तर पडण्याचा धोका अधिक मानतात.

गुडघ्याला सूज असेल, सांधा बदललेला असेल किंवा रक्तदाब चढा असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. श्वास कोंडून धरू नका. मे महिन्यात व्यायाम सूर्य वर येण्याआधीच उरका.

आज रात्री जेवायला जमिनीवर बसा आणि उठताना हात टेकावा लागतो का, तेवढे पाहा.