जुन्या खाणीच्या मुलखात एक दिवस पायी

शाळांना दिवाळीची सुट्टी लागली, की मुलांना कुठे न्यायचे हा विषय घरोघरी निघतो. आमच्या आखाडा बाळापुरातल्या पाच घरांनी मिळून यंदा चंद्रपूर जिल्हा ठरविला आहे. भद्रावतीची विजासन लेणी पाहायची, आणि वरोऱ्याला जिथे एके काळी कोळशाची खाण होती तो परिसर पायी हिंडायचा. बेत आखताना जे शिकलो, ते आपल्या भगिनी-बांधवांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहोत.

आमचा मुलूख काळ्या दगडाचा. आमच्याकडे खाण म्हणजे दगडाची खाण, आणि कोळसा म्हणजे चुलीत उरतो तो, एवढेच मुलांना ठाऊक. वर्धा नदीच्या खोऱ्यात मात्र जमिनीच्या पोटात कोळसा आहे. वरोऱ्याला इंग्रज सरकारने १८७० नंतरच्या काळात खाण सुरू केली आणि कोळसा वाहून नेण्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आणली. ती खाण १९०६ साली बंद झाली. पण भोवतालच्या मुलखात आजही कोळसा निघतोच.

हा कोळसा कोणी काढला, हे मुलांना सांगितलेच पाहिजे. पोटासाठी अंधारात उतरलेल्या कष्टकऱ्यांनी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणींत स्वतः उतरले होते आणि कामगारांची घरेही त्यांनी पाहिली. लगेच १९४४ साली खाण कामगारांच्या घरांसाठी, औषधपाण्यासाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठी कल्याण निधीचा वटहुकूम निघाला.

आता मुख्य गोष्ट. जुन्या खाणीची जागा दिसायला साधे माळरान असते, आणि धोका तिथेच असतो. दोन वर्षांपूर्वी आमच्याच भागात एका बंद दगडखाणीच्या पाण्यात एक पोरगा उतरला. वर पाणी शांत, आणि काठापासून दोन पावलांवर तीन पुरुष खोल! शेळ्या चारणाऱ्या एका बाईने अंगावरचे लुगडे सोडून फेकले, म्हणून तो हाती लागला. त्या दिवसापासून आम्ही ठरविले, की कुठे जायचे याच्या आधी कुठे जायचे नाही ते ठरवायचे.

कोळशाच्या खाणीत दगडखाणीपेक्षा आणखी धोके असतात. कोळसा काढताना छत पेलण्यासाठी आत कोळशाचेच खांब सोडतात. वर्षे गेली की ते ढासळतात आणि वरची जमीन खचते. म्हणून जिथे खड्डा, भेग किंवा कुंपण दिसेल तिथून मागे फिरायचे. जुन्या खाणीच्या विहिरीत वा बोगद्यात डोकावायचेही नाही, कारण आत विषारी हवा कोंडलेली असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. मातीच्या ढिगाऱ्यांवर मुलांना चढू देऊ नये, पावसाने ते सैल झालेले असतात. धूर निघत असेल तर मुळीच जवळ जायचे नाही. कोळसा आतल्या आत आपोआप पेटतो आणि वरची जमीन पोकळ करतो. चालू खाणीत परवानगीवाचून पाऊल टाकायचे नाही. वाट नेहमी गावच्या रहदारीचीच धरावी आणि तिथल्या वयस्कर माणसाला विचारूनच पुढे जावे. कुठे खाण होती, कुठे जमीन बसली, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला माहीत नसते.

आता बेत. बाळापूरला रेल्वे नाही. एसटीने नांदेड, तिथून किनवट, आदिलाबाद, वणी या मार्गाने पुढे. गाडीच्या वेळा बदलतात, म्हणून आठ दिवस आधी स्टेशनावर चौकशी करावी. पहिला दिवस प्रवासाचा, मुक्काम ओळखीच्या विहारात किंवा पाहुण्यांकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघून विजासन टेकडीची लेणी. डोंगरात लांबच लांब दालन कोरून शेवटी तथागतांची बैठी मूर्ती घडविली आहे. नंतर डोलारा तलाव आणि त्यावरचा जुना दगडी पूल. दुपारी सावलीत डबे सोडून एसटीने वरोरा गाठायचे. ते अंतर सुमारे वीस किलोमीटर. ऊन उतरले की तिथे फिरायचे आणि दिवेलागणीच्या आत परत.

लेकरे आणि म्हातारी माणसे सोबत असली, की तासाला अडीच किलोमीटरपेक्षा जास्त चाल होत नाही. म्हणून दिवसभरात आठ-दहा किलोमीटरच्या वर चालणे धरू नये. मोठ्या माणसामागे तीन लिटर पाणी. पायात चप्पल नको, बूट हवेत, जुने असले तरी चालतील. पुढे एक जाणता, मागे एक जाणता, आणि थांबू तिथे मुलांची मोजणी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. मार्चनंतर चंद्रपूरचे ऊन सोसवत नाही. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. दरवर्षी त्या दिवसांत तिथे मोठा समुदाय जमतो, तेव्हा ती गर्दी लक्षात घेऊन तिकिटे काढावीत.

एक सूचना पुरुषमंडळींना. पहाटे चारला उठून सगळ्यांच्या भाकरी बाईनेच थापायच्या आणि दिवसभर पिशव्याही तिनेच वाहायच्या, तर तिची सहल कसली? आमच्या बेतात पाण्याचे कॅन आणि डबे पुरुषांनी उचलायचे ठरले आहे. तिने मोकळ्या हाताने चालावे, पाहावे, आणि ज्यांनी मातीखाली जन्म काढला त्यांची गोष्ट लेकरांना सांगावी.

जयभीम!