विश्लेषण : पुढून मोर, मागून गुंता! पैठणीच्या ब्लाउजपीसवर घरी मशीन भरतकाम करताना नेमके काय चुकते?

छत्रपती संभाजीनगर : तुळशीची लग्ने लागली की शहरात लग्नसराई सुरू होते. गुलमंडी, पैठण गेट, निराला बाजार परिसरात साड्यांची खरेदी वाढते आणि पाठोपाठ ब्लाउज शिवणाऱ्यांकडे रांग लागते. घरी भरतकामाचे कॉम्प्युटर मशीन असेल तर पुढचा विचार ठरलेला असतो : मोर आपणच काढू, बाहेर कशाला द्यायचे? अडचण एवढीच, की पैठणीसोबत ब्लाउजपीस एकच येतो. तो बिघडला तर त्याच रंगाचा आणि त्याच काठाचा दुसरा तुकडा मिळेलच असे नाही.

आमच्या घरी हे झाले आहे. मावसबहिणीच्या लग्नाला आठ दिवस असताना आईने जांभळ्या ब्लाउजपीसवर पाठीच्या मधोमध मोर काढला. मशीनवर असेपर्यंत तो सुरेख दिसत होता. फ्रेम काढली आणि मोराभोवतीचे कापड तळलेल्या पापडासारखे वरखाली झाले. 'तू इंजिनिअर ना, बघ काय बिघडलेय ते,' असे म्हणत मशीन माझ्यापुढे ठेवण्यात आले. मशीन व्यवस्थित होते. चूक कापडाच्या खाली होती, आणि ती पहिला टाका पडण्याआधीच झाली होती. घरगुती भरतकामातल्या बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच सापडते. म्हणून बिघाड शोधायचा तर कापड आधी उलटे करा.

पैठणीवर चूक महाग का पडते?

सुती कापडावरचे टाके उसवले आणि कापड धुतले की सुईची भोके बरीचशी बुजतात. घट्ट विणीच्या रेशमात ती राहतात. नखाने हलकेच घासून धागे थोडे सरकवता येतात, पण खूण पूर्ण जात नाही. काठावर तर सुई चालवूच नये. जरीचा धागा म्हणजे गाभ्याच्या धाग्याभोवती गुंडाळलेली धातूची अतिशय पातळ पट्टी. सुईने ती कापली की पुन्हा जुळत नाही. भरतकाम साध्या, बिनजरीच्या भागावरच घ्या.

हिमरूचा तुकडा असेल तर आणखी जपा. हिमरूत नक्षीचे जादा धागे मागच्या बाजूला मोकळे सोडलेले असतात. ते सुईत किंवा मशीनच्या दात्यांत अडकतात आणि पुढची नक्षी ओढली जाते.

हातमागावरच्या पैठणीत काठ-पदराची नक्षी विणतानाच तयार होते, त्यामुळे मोर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखाच दिसतो. भरतकामाला मात्र उलटी बाजू असतेच. मशीनने काढलेल्या मोराला 'पैठणीचा मोर' म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल तर तुकडा उलटा करून पाहा, लगेच कळेल.

कापड आकसते का?

प्रत्येक टाका कापडाला स्वतःकडे किंचित ओढतो. एक टाका काहीच करत नाही, पण मध्यम आकाराच्या मोरात असे हजारो टाके असतात. ही ओढ टाक्याच्या दिशेने असते. म्हणून फाइलमध्ये गोल असलेला मोराचा डोळा कापडावर अंडाकृती होतो. चांगला डिझाइनर हा फरक धरून आकार मुद्दाम थोडा रुंद ठेवतो, पण ओढ सहन करायला खाली आधार लागतोच. तो आधार म्हणजे एम्ब्रॉयडरी पेपर.

पेपर साधारण तीन प्रकारचे मिळतात. फाडून काढायचा, कात्रीने कडेने कापून उरलेला तसाच ठेवायचा आणि पाण्यात विरघळणारा. टी-शर्टसारख्या ताणणाऱ्या कापडाला कापायचाच पेपर हवा, कारण फाडायचा पेपर काढून टाकला की टाक्यांखाली काही उरत नाही. टॉवेलवर टाके केसांत बुडू नयेत म्हणून विरघळणारा पातळ पेपर वरून लावतात. रेशमावर हा प्रकार टाळा, कारण रेशमावर पाण्याचे डाग पडतात. पैठणीच्या ब्लाउजपीसला आधी मागून हलकी सुती फ्यूजिंग आणि तिच्याखाली मऊ, कापायचा पेपर ही जोडी चालते. पेपर अंगाला टोचेल ही भीती नको, आत अस्तर येणारच आहे. फ्यूजिंग चिकटवताना इस्त्री कमी तापमानावर आणि मध्ये सुती फडके ठेवूनच फिरवा.

दुसरी चूक फ्रेमची. 'कापड ढोलकीसारखे ताणा' हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तोच घात करतो. ताणलेल्या कापडावर टाके पडतात, फ्रेम सुटली की कापड मूळ मापावर येते, टाके मात्र येत नाहीत. सुरकुत्या तिथून सुरू होतात. कापड सपाट हवे, उभे-आडवे धागे सरळ हवेत, आणि फ्रेमचा स्क्रू आवळल्यानंतर कडा धरून ओढायचे नाही.

रेशमावर फ्रेमचे वळही उमटतात. त्यावर सोपा उपाय आहे. फ्रेममध्ये फक्त पेपर घट्ट बसवा आणि कापड त्यावर ठेवून कडेने हाताने कच्चे टाके घाला. हे टाके शिलाईच्या दाबात येतील असे घाला, म्हणजे त्यांची भोके नंतर दिसणार नाहीत. आईच्या मोरात नेमके उलटे झाले होते : पेपरचा एकच पातळ थर आणि कापड पूर्ण ताकदीने ताणलेले.

डिझाइन लहान केले तर?

इथे थोडे गणित आहे, पण ते चुकले तर सुई मोडते. भरतकामात सर्रास वापरला जाणारा धागा ४० नंबरचा असतो आणि त्यासाठी दोन ओळींत साधारण ०.४ मिलीमीटर अंतर ठेवतात. समजा १० सेंटीमीटरचा मोर तुम्ही ७ सेंटीमीटरचा केला. लांबी ०.७ पट झाली, रुंदीही ०.७ पट, म्हणजे क्षेत्रफळ ०.४९ पट. टाके तेवढेच राहिले तर निम्म्या जागेत तेवढाच धागा कोंबला जातो. मोर पुठ्ठ्यासारखा कडक होतो, धागा तुटतो, रेशीम फाटूही शकते.

काही सॉफ्टवेअर आकार बदलताना टाके नव्याने मोजतात, काही मोजत नाहीत. बदलानंतर टाक्यांची संख्या कमी झाली का, ते आधी पाहा. संख्या तीच असेल तर ती फाइल वापरू नका. इंक/स्टिच हे इंकस्केपवर चालणारे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात आकारावरून टाके पुन्हा तयार करता येतात. शिकायला वेळ लागतो, हे मात्र खरे.

फाइलच्या प्रकारावरूनही गोंधळ होतो. ब्रदरच्या मशीनसाठी पीईएस आणि जनोमसाठी जेईएफ फाइल लागते. डीएसटी हा प्रकार मूळचा ताजिमा कंपनीच्या व्यावसायिक मशीनचा, पण अनेक घरगुती मशीनही तो वाचतात. डीएसटीत धाग्याच्या छटा नसतात, फक्त 'इथे थांबा, रंग बदला' एवढीच सूचना असते. त्यामुळे स्क्रीनवर मोर गुलाबी दिसला तर फाइल खराब आहे असे समजू नका, रंगांचा क्रम वेगळा लिहून घ्या. पेनड्राइव्ह वाचलाच जात नसेल तर कमी क्षमतेचा घ्या आणि एफएटी ३२ प्रकारात फॉरमॅट करून बघा.

धागा सतत तुटतो, खाली गुंता होतो. आधी काय तपासायचे?

बहुतेक जण सर्वात आधी टेन्शनचे बटण फिरवतात. ते सर्वात शेवटी फिरवायचे.

आधी कापड उलटे करा. खाली रंगीत धाग्याचे सैल फास दिसत असतील तर दोष जवळपास नेहमी वरच्या धाग्याचा असतो, बॉबिनचा नाही. कारण सोपे आहे. कापड दाबून धरणारा पाय खाली असताना टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात. तेव्हा धागा ओवला तर तो चकत्यांच्या मध्ये न जाता वरूनच जातो, त्याला ताण मिळत नाही आणि सगळा सैल धागा खाली साचतो. पाय वर उचला, धागा पूर्ण काढा आणि पहिल्या खाचेपासून पुन्हा ओवा. अनेकदा दुरुस्ती एवढ्यावरच संपते.

उलट, कापडाच्या वर बॉबिनचा पांढरा धागा ठिपक्यांसारखा दिसत असेल तर वरचा ताण जास्त आहे किंवा बॉबिन सैल आहे. बॉबिन केसमध्ये पिसाचा तुकडा अडकला तरी असेच दिसते. ताण बरोबर असेल तर जाड पट्टीच्या टाक्यात मागे मधला साधारण एक तृतीयांश भाग बॉबिनच्या धाग्याचा आणि दोन्ही कडांना रंगीत धागा दिसतो. ही खूण लक्षात ठेवली तर बटण किती फिरवायचे हा प्रश्न उरत नाही.

मग सुई. टाके घालताना 'टक टक' आवाज वाढला, तर सुई बोथट झाली असे समजा. सलग कामात साधारण आठ तासांनी ती बदलतात. रेशमासाठी ११ नंबरची किंवा त्याहून बारीक, टोकदार सुई घ्या. गोल टोकाची सुई होजिअरीच्या कापडासाठी असते. दुकानात 'एम्ब्रॉयडरीची सुई' एवढेच सांगितले तर कधी कधी कारखान्यातल्या मशीनची गोल दांडीची सुई हातात येते. घरगुती मशीनच्या सुईची दांडी एका बाजूने चपटी असते आणि बहुतेक मशीनमध्ये ती चपटी बाजू मागे ठेवून सुई पूर्ण वर सरकवायची असते. जरा खाली राहिली तरी टाके सुटतात.

पीस ब्रशने काढा, फुंकू नका. फुंकरीतला ओलावा आणि पीस दोन्ही आत जातात. आपल्याकडे दर दिवाळीला मशीनला तेल घालायची सवय आहे. काळ्या लोखंडी मशीनला ते हवेच, पण अनेक कॉम्प्युटर मशीनमध्ये घरी तेल घालायचे नसते. मॅन्युअलमध्ये तेलाची जागा दाखवली नसेल तर बाटली दूरच ठेवा.

जरीचा धागा का छळतो?

मोराच्या मानेला सोनेरी कड हवी असते आणि नेमका तिथेच धागा दहा वेळा तुटतो. जरीचा धागा सुईच्या नेढ्यातून घासत जातो, वरची पट्टी सोलून निघते आणि गाभा तुटतो. त्याला मोठ्या नेढ्याची, म्हणजे १४ नंबरची सुई हवी, पण रेशमाला बारीक सुई हवी. हा पेच पूर्ण सुटत नाही. म्हणून पैठणीवर जरीचा धागा फक्त कडेपुरता ठेवा, भरीव भागासाठी रंगीत धागाच घ्या. मशीनचा वेग मिनिटाला ४०० टाक्यांच्या आसपास आणा, वरचा ताण कमी करा आणि रीळ मशीनपासून थोडे दूर ठेवा, म्हणजे पीळ पडलेला धागा सुईपर्यंत येताना सरळ होतो.

साधे मशीन आहे, त्यावर भरतकाम होते का?

होते. कॉम्प्युटर मशीन येण्याआधी घरोघरी तेच चालायचे. आयटीआयमध्येही भरतकामाचा वेगळा ट्रेड आहे. यंत्राने भरतकाम ही कल्पना तशी जुनीच आहे : १८२८ मध्ये फ्रान्समधील म्युलूझच्या जोसुए हाइलमान यांनी हाताने चालणारे भरतकाम यंत्र बनवले, १८६३ मध्ये स्वित्झर्लंडच्या इसाक ग्रॉब्ली यांनी होडीच्या आकाराचे शटल असलेले 'शिफ्ली' यंत्र आणले.

साध्या मशीनवर पाय काढून टाकतात, दाते खाली घेतात किंवा झाकतात आणि लाकडी रिंग उलटी लावून कापड हातांनी फिरवतात. इथे एक चूक जवळपास प्रत्येक नवशिक्या करतो. पाय काढलेला असला तरी त्याची दांडी खाली पाडायलाच हवी. ती वर राहिली तर टेन्शन उघडे राहते आणि खाली जाळे तयार होते. पाय नसल्यामुळे सुईजवळ बोटांना आडोसा नसतो, तेव्हा रिंगेच्या कडेनेच धरा. स्प्रिंगचा डार्निंग फूट मिळाला तर तो लावलेला बरा.

मध्येच वीज गेली तर?

१८ हजार टाक्यांचा मोर मिनिटाला ६०० टाक्यांनी अर्ध्या तासात व्हायला हवा. एका सुईच्या मशीनवर सात रंग बदलताना तासभर सहज जातो. तेवढ्यात वीज गेली तर कापड फ्रेममधून काढू नका, फ्रेमही हलवू नका. अनेक मशीन थांबलेली जागा लक्षात ठेवतात, तरी दर रंगाला स्क्रीनवरचा टाक्याचा आकडा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. पुन्हा सुरू करताना पाच-दहा टाके मागे जा. मशीन इन्व्हर्टरवर चालवायचे असेल तर मागच्या पाटीवरचे वॅट आणि मॅन्युअलमधील सूचना आधी बघा.

कटिंग आधी की भरतकाम आधी?

भरतकाम आधी. ब्लाउजचा आकार कापडावर आखून घ्या, पण कात्री लावू नका. चांगल्या आधारावरही कापड थोडे आत ओढले जातेच. आधी कापलेली पाठ नंतर मापात कमी पडते आणि शिवणाऱ्या ताईंकडे दाब सोडायला जागा उरत नाही. मोर काढून झाल्यावर तुकडा मऊ टॉवेलवर पालथा ठेवून मागून हलकी इस्त्री करा, मापे पुन्हा तपासा, मग कापा.

बाह्यांवर मोर असतील तर दुसऱ्या बाहीसाठी डिझाइन आरशातल्यासारखे उलटे करायला विसरू नका. नाही तर एक मोर पुढे बघतो, दुसरा पाठीमागे. आणि पहिला मोर पैठणीवर काढूच नका. तशाच जाडीच्या सेमी-सिल्कचा हातभर तुकडा आणा, तोच पेपर, तीच सुई, तोच धागा वापरून पूर्ण मोर काढा आणि रात्रभर फ्रेमबाहेर ठेवा. सकाळी तो सपाट असेल तर ब्लाउजपीस हातात घ्या. आईने दुसऱ्या वेळी असे तीन तुकडे खराब केले, चौथ्या वेळी ब्लाउज केला. पहिला जांभळा तुकडा वाया गेला नाही. त्याचा साधा भाग बाह्यांना पुरला, आणि पाठ दुसऱ्या कापडाची लावावी लागली.