पोथीचे पान आणि संगणकाची खूण

हस्तलिखित पोथी संगणकावर उतरवताना पान कोठे संपले, याची नोंद राखावी लागते. परंतु पान ओवीच्या, क्वचित शब्दाच्याही मध्येच संपत असल्याने, आणि मजकुरावर खुणा करण्याच्या एक्सएमएल या संगणकीय भाषेत दोन घटकांना एकमेकांस छेदून जाता येत नसल्याने, १९८७ साली सुरू झालेल्या टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्हच्या संकेतांत नवे पान जेथे सुरू होते तेथे ‘पीबी’ ही रिकामी खूण ठेवतात. तिच्या ‘एन’ या गुणधर्मात पत्रांक येतो. पोथीत पत्राच्या दोन्ही बाजूंना मिळून एकच अंक, तोही बहुधा पाठच्या बाजूच्या समासात, लिहिलेला असल्याने बाराव्या पत्राच्या बाजू ‘१२अ’, ‘१२ब’ अशा नोंदवता येतात. शब्द तुटला असल्यास ‘ब्रेक’ या गुणधर्माला ‘नो’ हे मूल्य द्यावे, अन्यथा शोधात तो शब्द निसटू शकतो. लेखनिकाने चुकवलेला पत्रांक मात्र परस्पर सुधारू नये.