चींऽऽऽ... बोनेटखालून कोण बोलतंय?

सकाळची ऑफिसची घाई. चावी फिरवली आणि बोनेटखालून ‘चींऽऽऽ’! पार्किंगमधली कुत्री दचकून उठली, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकीतून डोकावलं. मिनिटभरात आवाज बंद. मग आपण काय करतो? म्युझिकचा व्हॉल्यूम वाढवतो आणि निघतो!

‘आता तूच वापर’ म्हणत बाबांनी सोपवलेली मारुती 800, झेन किंवा जुनी सँट्रो ज्यांच्याकडे आहे, त्यांना हा सीन पाठ असेल. 800 चं प्रॉडक्शन जानेवारी 2014 मध्ये थांबलं. म्हणजे सगळ्यात तरुण 800 सुद्धा आता दहा वर्षांच्या पुढची. या वयात थोडी कुरकुर चालायचीच, असं वाटणं साहजिक आहे. शहरात या कुरकुरीने फार तर इज्जत जाते. पण भर मे महिन्यात वीकेंडला नागपूरहून घरी यवतमाळला निघालात, पारा 44-45 वर, एसी फुल्ल, देवळी मागे पडलंय आणि कळंब अजून यायचंय... तिथे याच आवाजाचं बिल मोठं येऊ शकतं.

पट्टा एक, कामं अनेक

इंजिनच्या क्रँक पुलीवरून एक रबरी पट्टा फिरतो. गॅरेजमध्ये त्याला आजही ‘फॅन बेल्ट’ म्हणतात, कारण जुन्या फियाट-अँबेसिडरमध्ये रेडिएटरचा पंखा तोच फिरवायचा. 800 मध्ये पंखा विजेवर गेला, पण बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि इंजिनमध्ये पाणी खेळवणारा वॉटर पंप अजून याच पट्ट्याच्या जिवावर आहेत. पट्टा तुटला की चार्जिंग बंद, पाणी फिरणंही बंद. इंजिन काही मिनिटांत तापतं. हेड गास्केट गेलं, हेड वाकलं, की खर्च हजारांत. आणि पट्टा येतो काहीशे रुपयांना! (कव्हरच्या आतला टायमिंग बेल्ट वेगळा. त्याला हात लावू नका.)

एक गंमत. असा इंग्रजी व्ही आकाराचा पट्टा अमेरिकेत डेन्व्हरच्या जॉन गेट्स यांनी 1917 मध्ये आणला. सुरुवातीच्या पट्ट्यांत ताकदीसाठी कापसाचे दोर असत, पुढे पॉलिएस्टर आलं. थोडक्यात, कापसाच्या जिल्ह्याचं या पट्ट्याशी जुनं नातं आहे!

ओरडतो पट्टा, दुखतं दुसरीकडे

हा पट्टा तळावर नाही, दोन्ही कडांवर पकड घेतो. पुलीच्या खाचेत पाचरीसारखा बसतो. कडा झिजल्या किंवा ताण कमी झाला की तो घसरतो, पकडतो, पुन्हा घसरतो. सेकंदात शेकडो वेळा. तीच ती ‘चीं’. विदर्भातलं ऊन रबर कडक करतं, धूळ त्याच्या कडा खाते.

‘बेल्ट ओरडून राहिला भाऊ, बदलून टाका’ हे वाक्य गॅरेजमध्ये लगेच ऐकायला मिळेल. कधी ते बरोबर असतं, कधी नसतं. त्याआधी तुम्हीच जरा डिटेक्टिव्ह व्हा.

आवाज फक्त स्टार्ट करताना येतो? स्टार्टरने खाल्लेला करंट अल्टरनेटर परत भरत असतो, लोड जास्त असतो. ताण बघा आणि बॅटरीही तपासा. हेडलाइट, ब्लोअर, एसी लावल्यावर येतो? पट्टा ढिला असण्याची शक्यता मोठी. चिमणीसारखी एका तालात ‘चिव चिव’ येते? पुली एका रेषेत नसेल. घरघर येते? मग एखाद्या पुलीचं बेअरिंग बोलतंय. इंजिन बंद करून पट्टा काढा आणि पुल्या हाताने फिरवा. जी खरखरेल किंवा डगडगेल, तीच आरोपी.

अजून एक सोपी टेस्ट. इंजिन चालू असताना पट्ट्याच्या आतल्या बाजूवर साध्या पाण्याची बारीक पिचकारी मारा. आवाज वाढला तर पट्टा ढिला. क्षणभर थांबून परत आला तर पुलीची रेष बघा. मात्र बोटं, ओढणी, टाय, लांब केस सगळं लांब ठेवा. हा पट्टा माफ करत नाही.

आता उपाय

इंजिन थंड, चावी खिशात. पट्टा उलटवून बघा. भेगा, सुटलेले धागे, आरशासारख्या चकचकीत कडा दिसल्या तर सरळ नवा टाका. तेल किंवा कूलंट लागलंय? आधी गळती बंद करा, नाहीतर नवा पट्टाही महिन्याभरात गाणं म्हणायला लागेल.

पट्टा चांगला असेल तर ताण बघा. दोन पुलींमधल्या सगळ्यात लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने जोरात दाबा. साधारण सेंटीमीटरभर दबला तर ठीक. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. जास्त दबत असेल तर अल्टरनेटरचे खालचे-वरचे बोल्ट ढिले करा, टॉमीने अल्टरनेटर हळूच बाहेर ओढा आणि बोल्ट आवळा. पण ‘घे अजून थोडा’ म्हणत पट्टा तारेसारखा ताणू नका. त्याने अल्टरनेटर आणि वॉटर पंपचं बेअरिंग जातं. नवा पट्टा थोडा चालला की सैल होतो, म्हणून काही दिवसांनी ताण पुन्हा बघा.

नव्या जमान्याच्या गाड्यांत एकच लांब, रेघा-रेघांचा पट्टा आणि आपोआप ताण देणारा टेन्शनर असतो. त्याच्या रबरावर सहसा भेगा दिसत नाहीत, ते नुसतं झिजतं. तिथे दिसण्यावर जाऊ नका, झीज मोजून घ्या.

आणि तो स्प्रे? साबण, पावडर, खोबरेल? प्लीज, नको! आवाज दोन दिवस गप्प बसतो, दुखणं तिथेच राहतं. वर धूळ चिकटते ती वेगळीच.

रस्त्यातच तुटला तर?

डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला आणि टेंपरेचरचा काटा वर सरकू लागला, की ‘पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ’ हा मोह टाळा. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडू नका, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. डिकीत एक जादा पट्टा आणि दोन पाने असतील, तर पांढरकवड्याचा हायवे असो की आर्णीचा रस्ता, कोणताही मेकॅनिक ते काम अर्ध्या तासात उरकेल. सुटी टाकून घरी निघायच्या आदल्या संध्याकाळी बोनेट उघडा आणि अंगठ्याने तो पट्टा एकदा दाबून बघा. फक्त दोन मिनिटं लागतात.