शिंपल्यातला मोती, आंधळगावचा कोसा

कुरआनातील 'अल-हज' या सूरहमध्ये जन्नतीचे वर्णन येते. तिथल्या लोकांच्या हातात सोन्या-मोत्यांची कंकणे असतील आणि अंगावर रेशीम. मोती आणि रेशीम एकाच आयतीत. दोन्ही वस्तू जिवाने आपल्या देहातून स्रवलेल्या.

वाळूचा कण गेला की मोती होतो, असे शाळेपासून सांगतात. प्रत्यक्षात बहुतेकदा एखादा परजीवी शिरतो किंवा आतल्या मांसल पडद्याला इजा होते, आणि शिंपला त्याभोवती चुन्याचे अतिसूक्ष्म थर चढवत राहतो. आपल्याकडे स्वातीचा थेंब शिंपल्यात पडून मोती होतो. शेख सादींच्या 'बोस्तान'मध्येही पावसाच्या थेंबाचाच मोती होतो. दोन्हीकडच्या लोकांना एकच गोष्ट सुचावी, याची गंमत वाटते.

मराठी नथीतला 'बसरा' मोती आखातातला, बहारीनच्या आसपासचा. नाकाला चिमटा, पायाशी दगड, अशा तयारीने पाणबुडे तळाशी जात. बहुतेक जण उचल घेऊन कर्जात बुडालेले. माल मुंबईत येई, तिथे मोत्यांना भोके पडत आणि मग तो पॅरिसला जाई. १८९३ मध्ये जपानच्या मिकिमोतोंनी शिंपल्यात मोती पिकवून दाखवला. पुढे १९३० च्या सुमारास जागतिक मंदीही आली आणि आखातातला हा धंदा बसला.

मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावला समुद्र नाही, पण कोसा आहे. ऐन-अर्जुनाची पाने खाऊन वाढलेली अळी फांदीला देठ चिकटवते आणि स्वतःभोवती कवच विणते. तेही बचावासाठीच. पाखरांपासून अळ्या राखायला ढिवर मंडळी जंगलात मुक्काम करतात. मग कोसे उकळून धागा काढायचा. त्यात आतला जीव जातो, हेही खरेच. कोष्ट्यांच्या हातमागावर या धाग्याची करवतकाठी साडी होते: अंग कोशाचे, काठ सुती, काठावर करवतीचे दाते. दोन काठ आणि अंग यांना वेगवेगळे धोटे लागतात, त्यामुळे काम सावकाश चालते.

इस्लाममध्ये पुरुषांना शुद्ध रेशीम मना आहे, स्त्रियांना नाही. त्यातून विणकरांनी 'मश्रू' काढले: अंगाला लागते ते सूत, वर दिसते ते रेशीम. नावाचा अर्थच 'शरियतला मान्य'.

ईदच्या खरेदीत यंत्रमागावरचे नकली कापडही कोसा म्हणून खपते, आणि हातमागवाल्याचा दाम पडतो. दुकानात पदराचा एक धागा मागून जाळून पाहावा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो, राख बोटांत चुरडते. नकली धाग्याची टणक गोळी होते.