एमएसचा थकवा झोपून जात नाही, मग काय करायचं?

आजचा एपिसोड मी दोन तुकड्यांत रेकॉर्ड केलाय. वाचणाऱ्यांना फरक कळणार नाही, पण ऐकलात तर मधेच माझा आवाज बदललाय असं वाटेल. त्याचं कारण म्हणजेच आजचा विषय.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, म्हणजे एमएस. निदान होऊन दोन वर्षं झाली. आजार थोडक्यात सांगते. आपलीच रोगप्रतिकारशक्ती चुकून मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंच्या आवरणावर, म्हणजे मायलिनवर, हल्ला करते. चार्जरच्या केबलचं प्लास्टिक सोलवटलं की कसं होतं? कधी चार्जिंग होतं, कधी नाही, कधी केबल एका ठरावीक कोनात धरावी लागते. तसंच. कुणाला अंधुक दिसतं, कुणाच्या पायांना मुंग्या येतात, कुणाचा तोल जातो. माझी सुरुवात डाव्या डोळ्यापासून झाली. औषधं चालू आहेत, त्यांच्याबद्दल वेगळा एपिसोड करू.

पण मला विचाराल तर सगळ्यात जास्त त्रास थकव्याचा. आणि हे सांगितलं की समोरचा म्हणतो, "अगं, आयटीमध्ये कोण दमत नाही?" बरोबर आहे, मीही आधी दमायचेच. पण तो दमणं झोपल्यावर जायचा. हा थकवा आठ तास झोपून उठल्यावरही उशाशी बसलेला असतो. जुन्या फोनची बॅटरी आठवा. स्क्रीनवर १०० टक्के दिसतात, एक व्हिडिओ कॉल केला की थेट १५. दुपारच्या मीटिंगमध्ये मला साधा शब्द आठवत नाही, आणि लोकांना वाटतं मी तयारी करून आले नाही.

असं का होतं? आवरण गेलेल्या तंतूंतून संदेश हळू जातो, कधी वाटेतच अडतो. मग तेच काम करायला मेंदूला जास्त भाग कामाला लावावे लागतात. आतमध्ये सूज असते, तिचाही वाटा असतो. हे झालं आजाराचं स्वतःचं. पण त्यावर इतर गोष्टीही चढून बसतात: रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागणं, नैराश्य, थायरॉइड, कमी हिमोग्लोबिन. स्नायूंचा ताठरपणा कमी करायला देतात त्या बॅक्लोफेनसारख्या गोळ्यांनीही गुंगी येते. म्हणून सगळं खापर एमएसवर फोडायच्या आधी हे तपासून घ्या. माझं हिमोग्लोबिन कमी निघालं. ते वर आल्यावर फरक पडला, पूर्ण नाही, पण पडला.

आणि थकव्यावरची गोळी? अमँटाडिन, मोडाफिनिल आणि मेथिलफेनिडेट ही तीन औषधं यासाठी वर्षानुवर्षं दिली गेली आहेत. २०२१ मध्ये 'लॅन्सेट न्यूरोलॉजी'मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात ही तिन्ही औषधं आणि औषध नसलेली कॅप्सूल यांची तुलना केली होती. तिघांपैकी एकही त्या रिकाम्या कॅप्सूलपेक्षा सरस ठरलं नाही. एखाद्याला उपयोग होतही असेल, ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. मी मात्र ते वाचल्यावर गोळीची वाट बघणं सोडलं.

आता माझी चूक सांगते. निदान झाल्यावर आई म्हणाली, "जास्त दगदग करू नकोस, पडून राहा." मला ते पटलंही. मी ढोल-ताशा पथक सोडलं. पहिल्या मजल्यावर जायलाही लिफ्ट. शनिवार-रविवार बेडवर. सहा महिन्यांनी एकदा लाईट गेली, लिफ्ट बंद, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताना मला दोनदा जिन्यात बसावं लागलं. मी घाबरले, आजार वाढला असं वाटलं. तपासणीत नवं काही निघालं नाही, एमआरआयही होता तसाच होता. पाय आणि दम दोन्ही न वापरल्यामुळे गेले होते.

आईला दोष नाही देत हं. अनेक वर्षं डॉक्टरही हेच सांगायचे. १८९० मध्ये विल्हेल्म ऊटहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने नोंदवलं की एमएसच्या काही रुग्णांना व्यायामानंतर अंधुक दिसायला लागतं. त्याला वाटलं, व्यायामामुळे. पुढे कळलं की खरा मुद्दा शरीराचं तापमान वाढण्याचा आहे. एमआरआय येण्याआधी तर संशयित रुग्णाला गरम पाण्यात बसवून लक्षणं वाढतात का ते बघायचे! यातून व्यायाम नकोच, असा समज पसरला. १९९६ मध्ये अमेरिकेत युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी ५४ रुग्णांवर अभ्यास केला. त्यातल्या काहींना १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा व्यायाम करायला लावला. त्यांचा दम आणि ताकद वाढली. नंतरच्या अनेक अभ्यासांनी त्याला दुजोरा दिला.

उष्णतेचं मी असं समजून घेतलं: उन्हात गेम खेळताना फोन तापला की तो स्वतःच स्लो होतो. फोन बिघडलेला नसतो, गार झाला की पूर्ववत चालतो. अर्धा अंश तापमान वाढलं तरी सोललेल्या तंतूंतून संदेश नीट जात नाही. शरीर गार झालं की लक्षणं ओसरतात, नवीन इजा झालेली नसते. मला हे माहीत नव्हतं तेव्हा चालताना डोळ्यापुढे धूसर झालं की मी रडत घरी यायचे. आता सावलीत बसते, पाणी पिते, दहा-पंधरा मिनिटं थांबते.

(इथे मी रेकॉर्डिंग थांबवलं. पुढचं दुसऱ्या दिवशी सकाळी केलंय.)

हां, तर करते काय? पुण्यात एप्रिल-मे म्हणजे चाळिशीच्या आसपास तापमान, त्यामुळे संध्याकाळचं चालणं बाद. सकाळी सव्वासहाला सोसायटीतच फेऱ्या, गळ्यात ओला पंचा, हातात गार पाण्याची बाटली. निघायच्या आधी बर्फ घातलेलं सरबत घेते, आतून गार राहायला. सुरुवात दहा मिनिटांनी केली होती, तीसुद्धा पाच-पाच अशी तोडून. ताकदीच्या व्यायामासाठी रबरी पट्टे, घरात, पंख्याखाली. फिजिओथेरपिस्टने एक नियम दिलाय: व्यायामानंतर दोन तासांनीही गळून गेल्यासारखं वाटलं तर पुढच्या वेळी कमी करायचं. कॅनडाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सौम्य ते मध्यम अपंगत्व असलेल्यांसाठी आठवड्यातून दोनदा अर्धा तास दम लागेल असा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा व्यायाम असं प्रमाण आहे. मला तिथवर पोचायला पाच महिने लागले. ज्यांचा तोल जातो त्यांनी बसून किंवा आधार धरून करावं, आणि आधी फिजिओला दाखवावं.

खरा सापळा चांगल्या दिवसांचा आहे. एका शनिवारी मस्त वाटत होतं म्हणून मी कपाट आवरलं, लक्ष्मी रोडला खरेदी केली, रात्री मैत्रिणींना जेवायला बोलावलं. रविवार, सोमवार आडवी. म्हणून मी एक्सेल शीट केली, इंजिनिअर आणखी काय करणार! दिवसभरात काय केलं आणि दुसऱ्या दिवशी किती दमले, एवढंच. महिन्याभरात दिसलं की मला चालण्यापेक्षा सलग तीन मीटिंग जास्त महाग पडतात. आता दोन मीटिंगच्या मध्ये वीस मिनिटं रिकामी ठेवते. डोळे मिटून, फोन दुसऱ्या खोलीत. रील्स बघणं याला विश्रांती म्हणत नाहीत, मी करून पाहिलंय.

एक मात्र लक्षात ठेवा. गार झाल्यावर जाणारा त्रास वेगळा. नवीन लक्षण आलं, किंवा जुनं वाढलं आणि ताप किंवा संसर्ग नसताना २४ तासांपेक्षा जास्त टिकलं, तर वाट न बघता न्यूरोलॉजिस्टला फोन करा.

पथकाचा सराव लवकरच सुरू होईल. कमरेला ढोल बांधणं या वर्षी जमणार नाही. झांजेसाठी नाव दिलंय, आठवड्यातून दोन दिवस, अर्धा तास. आईला कालच सांगितलं. ती म्हणाली, "पंचा भिजवून ने." मिरवणुकीचं ठरलेलं नाही, त्या दिवशी ऊन किती आहे ते बघू.