काजळी कुठे आहे ते पाहा

मंडळी, नंदुरबारच्या एका घरात माळ्यावरून काढलेलं मातीचं भांडं आम्हाला दाखवलं. पसरट, खोल, बूड गोल. जमिनीवर ठेवलं की डुगडुगतं. पुण्याहून आलेला नातू त्याची कुंडी करायच्या बेतात होता. पण काजळी आतून, बाहेर नाही! डोंगरावर धूर, म्हणून तिथे अग्नी, हे न्यायशास्त्रातलं अनुमान आम्ही जन्मभर खडूने फळ्यावर लिहिलं. कामाला आलं ते इथे. काजळी पोकळीत, म्हणजे जाळ पोकळीत, म्हणजेच भांडं चुलीवर पालथं घालत असणार.

पण वर काय भाजत, ते काजळी सांगत नाही. तिथे अनुमान संपतं आणि लागतं शब्दप्रमाण, म्हणजे जाणत्या माणसाचं सांगणं. आजीबाई म्हणाल्या, "हाई खापर शे!" आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यावर मांडे होत. खानदेशी पुरणपोळीच ती, पण लाटण्याशिवाय. पुरण भरलेला सैल गोळा दोन्ही हातांवर झेलत, फिरवत मोठा करायचा आणि अलगद घुमटावर टाकायचा. सोबत आमरस. (हे सांगतानाही भूक लागते!)

नातवाने विचारलं, हातावर कसं? आजीबाईंनी रिकामे हात हवेत फिरवून दाखवले. त्याने ते पहिल्यांदाच पाहिलं.